क्षयजंतूच्या दप्तरातील पहारेकरी

(मीरा-भाईंदर येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



मिठागराची रीत भाईंदरकरांना सांगावयास नको. भरतीचे पाणी बांधातील दारातून आत घ्यावयाचे आणि पुरेसे होताच दार लावावयाचे. दार उघडे राहिले तर मीठ हाती लागत नाही. जंतूच्या पेशीतही अशी दारे असतात, आणि क्षयरुग्णाचा उपचार कधीकधी त्यांतील एकावर अडतो.

जंतूचे सारे आनुवंशिक दप्तर डी.एन.ए.च्या लांबलचक रेणूत साठविलेले असते. क्षयजंतूचे दप्तर 1998 साली संपूर्ण वाचले गेले. त्यात सुमारे 44 लाख अक्षरे व 4,000 जनुके आढळली. मूळ दप्तर जागचे हलत नाही. आर.एन.ए. पॉलिमरेज नावाचे विकर हव्या त्या जनुकाची नक्कल काढते व त्या नकलेबरहुकूम प्रथिन तयार होते. नक्कल काढण्याच्या या क्रियेलाच प्रतिलेखन म्हणतात. रिफॅम्पिसिन हे क्षयावरील प्रमुख औषध या नक्कल काढणाऱ्या विकरालाच जखडून टाकते.

परंतु सर्व जनुकांच्या नकला सदैव काढणे जंतूला परवडणारे नाही. म्हणून काही प्रथिने डी.एन.ए.वरील ठराविक अक्षरे ओळखून तेथे बसतात आणि नक्कल अडवितात, किंवा तिला चालना देतात. फ्रान्सचे झाकोब व मोनो यांनी 1961 साली आतड्यातील एका जंतूवरून हे तत्त्व मांडले. दुधातील शर्करा नसताना ती पचविणाऱ्या जनुकांपाशी पहारेकरी बसलेला असतो. शर्करा आली की तो उठतो.

क्षयजंतूपाशी असे पहारेकरी दोनशेच्या आसपास आहेत. ‘डेव्ह-आर’ नावाच्या एकावर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत मोलाचे संशोधन झाले आहे. प्राणवायू कमी पडला की हे प्रथिन सुमारे पन्नास जनुकांना चालना देते आणि जंतू वाढ थांबवून सुप्त राहू शकतो. सुप्त जंतूवर औषधे मंदपणे चालतात. खोकला महिनाभरात थांबला तरी साध्या क्षयाची औषधे सहा महिने घ्यावी लागतात, त्याचे एक मोठे कारण हे सुप्त जंतू होत.

दुसऱ्याचे नाव रुक्ष आहे, ‘आर.व्ही. 0678’, पण चिंता त्याचीच अधिक. औषध पेशीबाहेर फेकणाऱ्या एका पंपाच्या जनुकांवर तो पहारा देतो. त्याच्या जनुकातील चुकीने तो स्वतःच बिघडला तर पंप मोकाट सुटतो. भारतात 2016 पासून दिले जाणारे बेडाक्विलिन मग पुरेसे आत टिकत नाही. कुष्ठरोगावरील जुने क्लोफाझिमिनही त्याच वाटेने बाहेर पडते. ही चूक औषध शिकवीत नाही. ती आपसूक घडते. अर्धवट उपचारात मात्र असेच जंतू मागे उरून वाढतात. रुग्णालयांतील नेहमीची जलद तपासणी मुख्यतः रिफॅम्पिसिनचा रोध दाखविते. हा बिघडलेला पहारेकरी तिला दिसत नाही. त्यासाठी निराळी तपासणी लागते.

मीरा रोड-भाईंदरला मजुरीसाठी आलेला माणूस आजारी पडला की गावाची वाट धरतो, आणि गोळ्या बहुधा तेथेच खंडित होतात. त्याची नोंद ‘निक्षय’ प्रणालीतून गावाकडील आरोग्य केंद्राकडे वर्ग करता येते. ती निघण्यापूर्वी झाली की नाही, हे येथील आरोग्यसेवकाने पाहावे. आणि शहरातून परतलेल्या खोकणाऱ्या माणसाजवळ गोळ्या किती दिवसांच्या उरल्या आहेत, ही विचारपूस पंचायत सदस्याने पहिल्याच आठवड्यात करावी.