बंदिस्त मुलांचें शिक्षण
(सुवर्णमहोत्सवी सभेंतील भाषण)



आजच्या आनंदांत जीं मुलें आपल्यामध्यें नाहींत, त्यांच्याविषयीं दोन शब्द बोलण्याची मी आपली अनुज्ञा मागतों. अपराध घडल्यामुळें किंवा तसा आरोप आल्यामुळें जीं निरीक्षणगृहांत आहेत, तीं हीं मुलें.

संत जॉन बॉस्को ह्यांना १८४१ सालीं गुरुदीक्षा मिळाली. ट्यूरिन शहरांतील तुरुंगांत जाऊं लागल्यावर त्यांना दिसून आलें कीं, सुटलेलीं कित्येक मुलें थोड्याच दिवसांत पुन्हां तेथेंच येतात; कारण बाहेर त्यांची वास्तपुस्त करणारें कोणी नसतें. म्हणून त्यांनीं रात्रीचे वर्ग काढिले आणि १८५३ सालीं जोडे व कपडे शिवण्याचें शिक्षण देणाऱ्या कार्यशाळा सुरू केल्या.

आपल्या देशांतील २०१५ चा बाल न्याय कायदा ह्याच दिशेनें जातो. चौकशी चालू असतां मुलास निरीक्षणगृहांत ठेवितात. निर्णयानंतर बाल न्याय मंडळ त्यास विशेषगृहांत पाठवील, तर तें अधिकांत अधिक ३ वर्षांसाठीं. तेथें शिक्षण व हातास कसब देणें, हें कायद्यानें संस्थेचें कर्तव्य ठरविलें आहे.

परंतु तेथील शिक्षकाची अडचण ध्यानांत घ्या. एकाच खोलींत एक मुलगा बाराखडीशीं अडखळतो, दुसरा दहावीच्या परीक्षेस बसावयाचा असतो, आणि आज शिकविलेला मुलगा उद्यां जामिनावर घरीं जातो. वर्षभराचा अभ्यासक्रम तेथें कसा पुरा व्हावा? प्रत्येकाची पायरी पाहून लहान लहान पाठ द्यावे लागतात. आणि तो धागा बाहेर कोणीं उचलला नाहीं, तर सारे श्रम वायां जातात. नित्य शाळेंत न जातांही राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा देतां येते. पण तो अर्ज भरून देणारा हात तरी पाहिजे!

तो हात आपला असावा. शाळेचा दाखला मिळवून देणें, संध्याकाळीं तासभर गणित शिकविणें, सुतारानें किंवा वायरमननें त्यास हाताखालीं घेणें, इतकें आपल्याच्यानें होण्यासारखें आहे.

आणखी एक गोष्ट. अशा मुलाचें नांव प्रसिद्ध करण्यास कायद्यानें मनाई आहे. परंतु विहिरीवर, बाजारांत आणि कधीं कधीं मंदिराच्या पायरीवरही आपण तें कुजबुजतों. महिनोन् महिने जें शिक्षकानें उभें केलें, तें आपल्या एका वाक्यानें कोसळतें. ज्याचा अपमान ठरलेला आहे, तो मुलगा वर्गांत कशास येईल?

जखम झालेल्याचें दुःख मी लहान मानीत नाहीं. त्याला न्याय मिळालाच पाहिजे. पण अपराध्याचें मन व हात कामास लागणें, ह्यांतच पुढच्या घराचेंही रक्षण आहे.

बंदिवानांस भेटणें हें दयेच्या कृत्यांपैकीं एक, असें आपण लहानपणीं धर्मशिक्षणांत शिकलों. ती भेट तुरुंगाच्या दाराशीं संपत नाहीं. मूल सुटून गांवीं येईल, त्या दिवशीं त्यास शाळेच्या बाकावर जागा मिळावी, अशी मी आपणांस हात जोडून विनंती करितों.