म्हातारा बैल कोणाच्या दावणीला?



वसुबारसेला आमच्या घरी गायवासराची पूजा होते, पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लागते. गाईची माया आम्हाला कोणी शिकवायला नको. तरी आज आम्ही बर्गरचा विषय काढणार आहोत. हसू नका.

१९९६च्या ऑक्टोबरात मॅकडोनल्ड्स ही अमेरिकन कंपनी दिल्लीत आणि मुंबईत वांद्र्याला आली. तिकडे तिचा धंदा गोमांसाच्या बर्गरवर उभा. इथे तिने गाय वगळली, डुक्करही वगळले, मटणाचा 'महाराजा मॅक' काढला. गाईची भक्ती नव्हे हो, गिऱ्हाईक ओळखले! पुढे २००१ साली अमेरिकेतल्या तळलेल्या बटाट्यांत गोमांसाचा अर्क निघाला. सिएटलला दावा लागला, इकडे ठाण्यातल्या दुकानाची मोडतोड झाली. इथल्या बटाट्यांत तसे काहीच सापडले नाही. २००२ साली कंपनीने माफी मागून १ कोटी डॉलर मोजायचे कबूल केले.

म्हणजे खाणाऱ्याच्या भावनेला भाव मिळाला, तोही रोख. आणि पाळणाऱ्याला?

महाराष्ट्रात गाय कापायला १९७६च्या कायद्यानेच बंदी होती. काम संपलेला बैल मात्र दाखला घेऊन कापायला देता येई. १९९५चे विधेयक मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीने कायदा झाले आणि बैल, वळूही बंदीत आले. म्हातारा बैल विकायचा, पदरचे चार पैसे घालायचे आणि खोंड आणायचा, हीच आमची बँक. ती बुडाली. म्हाताऱ्या बैलाला आता बाजारात गिऱ्हाईक कुठले? सिन्नर, येवल्याकडे दुष्काळात माणसांनाच टँकरचे पाणी, तिथे त्याला विकतची वैरण घालायची. गोशाळेत सोडा म्हणतात. तिथवर न्यायचे टेम्पोभाडे कोणाचे? आमचेच.

भगूरचे सावरकर आपल्याच जिल्ह्यातले. गाय हा उपयुक्त पशू आहे, देव नव्हे, असे ते मांडत. आम्ही तेवढे पुढे जात नाही. आमच्या मायबहिणी गाईला नैवेद्य दाखवतात, पुढेही दाखवतील. पण पुण्य सगळ्या गावाचे आणि वैरणीचा खर्च एकट्याचा, हा हिशेब आम्हाला मान्य नाही.

तेव्हा ठराव असा: म्हातारे जनावर जगवायचे असेल, तर सरकारने ते रोख दाम देऊन न्यावे, नाहीतर विकायची मोकळीक द्यावी. ज्यांच्या दावणीला असे जनावर आज उभे आहे, त्यांनी आधी हात वर करावा.