ओल नको असलेलं गाव

धाराशिव जिल्ह्यात कारखाना म्हटलं की साखरेचाच डोळ्यांपुढे येतो. पण सोलापूर-धुळे महामार्गावर येरमाळा सोडून बीडकडे निघालात की वाशी तालुक्यातलं तेरखेडा लागतं. तिथल्या कारखान्यांना पाण्याचं वावडं आहे. तिथे फटाके बनतात, आणि गावाला लोक कौतुकानं ‘महाराष्ट्राची शिवकाशी’ म्हणतात.

मला या कौतुकात दुष्काळ दिसतो. तमिळनाडूतल्या फटाक्यांच्या शिवकाशीचा मुलूखही कोरडाच. तिथले अय्या नाडर आणि षण्मुग नाडर 1920 च्या दशकात काडेपेटीचं काम शिकायला कलकत्त्याला गेले. फटाके त्यामागून आले. तेरखेडा बालाघाटच्या रांगांमधलं, शेती पावसाच्या मर्जीवर. आणि दारूकामाला तर ओल वैरीण. ॲल्युमिनियमची भुकटी असलेलं मिश्रण ओलावलं तर आतल्या आत तापतं, कधी आपोआप पेटतं. म्हणजे ज्या हवेत पीक करपतं, तीच हवा या धंद्याचं भांडवल झाली.

सुतळी बॉम्बचंच पाहा. दारूची पुडी सुतळीनं आवळायची. जितकी घट्ट, तितका आवाज मोठा. आपण पैसे मोजतो ते बरेचसे या हाताच्या ताकदीचे. खरा धोका मिश्रण करण्यात. गंधक आणि क्लोरेट एकत्र आले तर नुसत्या घर्षणानं भडका उडतो, म्हणून 1992 मध्ये ती जोडीच बंद झाली. कारखान्यातल्या खोल्या एकमेकींपासून लांब बांधतात, कारण एकीत स्फोट झाला तर शेजारची वाचावी. तरी तेरखेड्यात स्फोट झाले, माणसं गेली. दिवाळी सोडली तर गावाचं नाव वर्तमानपत्रात येतं ते बहुधा त्याच कारणानं.

हिशेबही जोखमीचाच. जत्रा, लग्नसराई, निवडणुकीचे निकाल यांवर थोडं खपतं. मोठा पैसा दिवाळीचा. तोवर कागद, रसायनं, मजुरी सगळं अंगावर. नेमका तेव्हा परतीचा पाऊस आला, म्हणजे झालं!

त्यात 2018 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं बेरियमचे क्षार बंद करून कमी प्रदूषण करणाऱ्या हरित फटाक्यांचा आग्रह धरला. निर्णय योग्यच होता. धूर आणि आवाज आजारी माणसाला विचारून येत नाहीत. पण कृती बदलायची तर लहान कारखानदाराला माल तपासून देणारं कुणी जवळ हवं. हरित फटाक्यांची सूत्रं नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेनं काढली, स्फोटकांचे मोठे परवाने देणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालयही नागपुरात, आणि ‘नीरी’ची तपासणीची सोय मात्र उभी राहिली शिवकाशीत. तिथला धंदा मोठा, हे मान्य. तरी तशी एक लहानशी प्रयोगशाळा धाराशिव जिल्ह्यात हवी, असं मला वाटतं. आणि ती मागायला तेरखेड्याच्या कारखानदारांबरोबर तिथल्या कामगारांनीही जावं.