शाळेची टाकी कोणाच्या ताब्यात?

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



सकाळपासून कापूस-ज्वारीच्या भावावर बोलणे झाले. आता पाण्यावर बोलायचे आहे, पण कालव्याच्या पाळीवर नाही. शाळेच्या छपरावर हजार लिटरची काळी टाकी असते, तिच्यातल्या पाण्यावर. एवढ्याशा विषयाला जिल्ह्याच्या बैठकीत वेळ कशाला, असे कोणाला वाटेल. आपली पोरे दिवसाचे पाच-सहा तास तेच पाणी पितात आणि शाळेची खिचडीही त्यातच शिजते, म्हणून.

हा मुलूख पाण्याच्या बाबतीत मोठा विचित्र. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. त्याच्या पट्ट्यात ऊस पिकला, पण निचरा नसल्याने कित्येक जमिनी चोपण झाल्या, विहिरी मचूळ झाल्या. वर सुपे-मोरगावची बाजू जिरायत. काळ्या पाषाणात बोअर घेतले तरी उन्हाळ्यात आटते, मग टँकरची वाट पाहायची. इंदापूरच्या अंगाला उजनीचा फुगवटा. पाणी डोळे भरून पाहावे एवढे. पण मुळा-मुठेतून भीमेला पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मिळते, हे विसरून कसे चालेल? म्हणजे शाळेच्या पाण्यातला धोका गावागणिक वेगळा. शेजारच्या गावाचा अहवाल आपल्याला चालत नाही, जसा शेजारच्या रानाचा माती तपासणीचा कागद चालत नाही.

सरकारने १५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन जाहीर केले. २ ऑक्टोबर २०२० पासून शाळा-अंगणवाड्यांना नळ देण्याची शंभर दिवसांची मोहीम निघाली. नळ बसले, फोटो निघाले. नळ एकदा मोजला की काम संपते. पाणी मात्र रोज तपासावे लागते, आणि रोजच्या कामाचे फोटो निघत नाहीत.

आम्ही एका शाळेत गेलो होतो. नाव घेत नाही, कारण तशा शाळा अनेक आहेत. क्लोरीनची वही मागितली. वही चोख! रोज ०.५, महिनाभर ०.५. रविवारी ०.५, दिवाळीच्या सुट्टीतही ०.५. तपासणीच्या औषधाची बाटली पाहिली, तर तिचे बूच उघडलेलेच नव्हते. टी.सी.एल.ची पिशवी तांदळाच्या पोत्याला टेकून उघडी पडलेली, पावडरीचे ढेकूळ झालेले. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला वही हवी असते, ती त्याला मिळत होती. मास्तरांवर खापर फोडू नका. जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळी कामे त्यांच्याच गळ्यात आहेत.

आता थोडे शास्त्र. ताज्या टी.सी.एल.मध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असते. ओल, ऊन, उघडे तोंड यांनी ते उडून जाते. २० टक्क्यांच्या खाली गेले की ती पावडर नापास. चांगली पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे लिटरमागे सुमारे ०.८ मिलिग्रॅम क्लोरीन. आधी बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरची निवळी टाकीत ओता आणि अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर एवढ्याने भागत नाही, क्लोरीन घाणीतच संपते. म्हणून डोस वहीत पाहून ठरवायचा नसतो, नळाशी तपासून ठरवायचा असतो. ओ.टी.चे थेंब टाकले की पाणी पिवळे दिसले पाहिजे. भारतीय मानकाप्रमाणे नळाशी लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवे. तपासलेले पाणी फेकून द्या, ते औषध पोटात जाण्यासारखे नाही.

क्लोरीन जंतू मारते. नायट्रेट, फ्लोराइड, क्षार काढत नाही. उकळूनही ते जात नाहीत, उलट पाणी आटल्याने वाढतात. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ते वाढले तर सर्वांत मोठा धोका सहा महिन्यांच्या आतल्या, वरचे दूध पाण्यात कालवून घेणाऱ्या बाळाला. आणि नायट्रेट येते कुठून? उकिरड्यातून, शोषखड्ड्यातून, आपल्या युरियातून. बोअरच्या ओट्यावर फवारणीचा पंप धुणारेही आपल्यातलेच. सरकारला जाब विचारायचा तर तो पंप आधी तिथून हलवा.

हे सगळे शहरात नीट असते असेही नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगत, नांदेड गाव-किरकटवाडी भागात गुलियन-बारेचे रुग्ण एकदम वाढले. पाय लुळे पडलेली माणसे श्वासाच्या यंत्रावर गेली. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि संशयाची सुई पाण्याकडे गेली. महानगराच्या कुशीत ही गत झाली, तर आपल्या टाकीकडे कोण पाहणार?

पाहायचा अधिकार आपलाच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत सुरक्षित आणि पुरेसे पाणी बंधनकारक केले. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व शाळांत पाणी आणि स्वच्छतागृहे सहा महिन्यांत द्या असा आदेश दिला. त्याच कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, निम्म्या जागा बायांना. म्हणजे समिती तुमचीच. पण सह्या घरपोच घेतल्या जातात आणि आपण देतो. पैसा नाही हेही ऐकून घेऊ नका. २०२१ ते २०२६ च्या पंधराव्या वित्त आयोगात ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. त्यातून शाळेच्या टाकीला काय आले, हे ग्रामसभेत विचारा.

क्लोरीनचा आकडा वहीत राहू देऊ नका. शाळेच्या दाराशी फळ्यावर, तारखेसह, खडूने लिहायला लावा. पाणी तपासणीचे प्रशिक्षण घेतलेल्या बाया गावात असतील, त्यांना हाताशी धरा. जंतू तपासणी पावसाळ्याआधी आणि नंतर, रासायनिक तपासणी वर्षातून एकदा, आणि अहवालाची प्रत समितीच्या हाती. टँकरचे पाणी टाकीत पडले की त्या दिवशी पुन्हा तपासायचे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या शाळेच्या फळ्यावरचे महिन्याचे आकडे उतरवून आणावेत. ज्या गावाचे तीसही आकडे सारखेच असतील, त्या गावच्या कार्यकर्त्यांशी आधी बोलू, भावावर नंतर.