आधी मोड, मग धडा

पहिली-दुसरीतल्या मुलांना गोष्ट वाचायला लावणं सोपं असतं. पुढे काय झालं, या उत्सुकतेनं ती आपसूक पान उलटतात. माहितीचा मजकूर मात्र वेगळ्या पद्धतीनं वाचावा लागतो. 'बी कसं रुजतं' हा विषय घेऊ.

वाचण्याआधी मुलांना विचारा, "बी रुजायला काय काय लागतं?" पाणी, माती, ऊन अशी उत्तरं येतील. ती फळ्यावर लिहा आणि मजकुरात पडताळायला सांगा. पाणी, हवा आणि ऊब हवीच. पण मटकीला मोड यायला माती लागत नाही आणि ऊनही लागत नाही. फडक्यात बांधलेली मटकी मुलांनी घरी पाहिलेली असते, त्यामुळे हे त्यांना लगेच पटतं.

आकृतीही वाचायचीच असते. बाणावर बोट ठेवून मूळ, खोड, पान ही नावं वाचू द्या. 'आधी', 'नंतर', 'शेवटी' हे शब्द हेरायला सांगा. आधी मूळ बाहेर पडतं, नंतर कोंब वर येतो, हा क्रम त्यातून कळतो.

भिजवलेला वाल सोलून दाखवा. दोन डाळींच्या मध्ये इवलंसं रोप दिसेल. सुरुवातीचं अन्न त्याला या डाळीच पुरवतात.

शेवटी घोकंपट्टी नको. "हे तुला कुठे सापडलं?" एवढंच विचारा आणि मुलाला ती ओळ स्वतः शोधून दाखवू द्या.