हृदयाची परीक्षा आणि न्याहारी

बदनापूरहून एखादें वडीलधारें माणूस हृदयाच्या ‘इको’ परीक्षेसाठीं जालन्यास निघालें, कीं घरांत प्रश्न उठतो: न्याहारी द्यावी कीं नाहीं? छातीवरून होणाऱ्या साध्या परीक्षेस उपवास नको. १९५३ सालीं स्वीडनमध्यें एडलर व हर्ट्झ यांनीं आरंभिलेल्या या पद्धतींत ध्वनिलहरी हृदयावर आदळून परत फिरतात. पोटांतील अन्न त्यांच्या वाटेंत येत नाहीं. मात्र अन्ननलिकेंत नळी घालावयाची असल्यास सुमारें ६ तास कांहीं खाऊं नये. अन्न उलटून श्वासनलिकेंत जाण्याचें भय असतें. श्रम देऊन करावयाच्या परीक्षेपूर्वीं चहा-कॉफीही वर्ज्य असते. मधुमेही माणसानें नित्याचें इन्सुलिन टोचून उपाशीं प्रवास केल्यास साखर उतरून शुद्ध हरपूं शकते. म्हणून वेळ ठरवितांनाच डॉक्टरांस विचारावें: परीक्षा कोणत्या प्रकारची, आणि औषधांचें काय करावें? उत्तर कागदावर लिहून घ्यावें.