तुमच्या घरी सण कसा होतो?



मी समुद्रपूर तालुक्यातला. आमच्या गावाचे नाव बाहेरगावी सांगितले की नवखा माणूस हटकून विचारतो, “तुमच्याकडे समुद्र कुठे आहे?” समुद्र नाही, बाबा. आहे ती काळी माती, कापूस, सोयाबीन, तूर आणि उन्हाळ्यात आटणारे नाले. नावावरून गाव कळत नाही. ते पाहायला यावे लागते. सणांचेही तसेच आहे. पोळा, दसरा, पाडवा ही नावे सर्वांची एक, पण त्या नावामागे कोणाच्या घरी काय होते, हे त्या घरात डोकावल्याशिवाय कळत नाही. आणि ज्याला प्रत्येक घरात डोकावता येते असा गावात एकच माणूस असतो. तो म्हणजे शाळामास्तर. कारण प्रत्येक घरातले एकेक लेकरू रोज त्याच्यासमोर येऊन बसते.

पण आम्ही मास्तर लोक ही संधी कशी वाया घालवतो, ते माझ्याच अनुभवावरून सांगतो.

मी चौथीच्या वर्गाला ‘माझा आवडता सण’ हा निबंध दर वर्षी घालीत असे. वह्या तपासायला घेतल्या की पहिली वाचून बाकीच्या न वाचल्या तरी चालावे, अशी स्थिती. सगळ्यांच्या घरी पहाटे अभ्यंगस्नान, सगळ्यांना नवे कपडे, सगळ्यांकडे श्रीखंडपुरी! आता आमच्या भागात सणाला शिजते ती पुरणाची पोळी. श्रीखंडाची चव त्या वर्गातल्या निम्म्या मुलांना ठाऊक नव्हती. ते श्रीखंड बाजारातल्या मार्गदर्शक पुस्तकातून वहीत उतरले होते. मी लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ सुधारीत होतो आणि मजकूर खोटा आहे, हे मात्र माझ्या ध्यानात येत नव्हते.

एका वर्षी पोळ्याच्या आठवड्यात मी वह्या मिटायला लावल्या. मुलांना ओसरीवर गोल बसवले आणि म्हणालो, “पुस्तकातला पोळा नको. तुमच्या घरी काय होते तेवढे सांगा.”

आधी कोणी बोलेना. मग एकाने आदल्या दिवशीची खांदशेकणी सांगितली. वर्षभर जू वाहून बैलाचे खांदे घट्टे पडलेले असतात. त्यांना हळद आणि तूप लावून ते शेकायचे आणि उद्या जेवायला या, असे बैलाला आवतण द्यायचे. दुसऱ्याने तोरणाखाली बैल कसे उभे करतात, झडत्या कशा म्हणतात, पोळा फुटला की बैल घरोघर कसे नेतात, ते हातवारे करून दाखवले. तान्ह्या पोळ्याला तर सगळेच एकदम बोलू लागले. लाकडी बैलाला चाके कोणी लावली, बोजारा कोणाला किती मिळाला! आपल्याच जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा एकाने मामाच्या घरी राहून पाहिला होता. त्या दिवशी तो वर्गाचा पुढारी ठरला.

एक मुलगी गप्प होती. तिला विचारले, तर म्हणाली, “आमच्या घरी बैलच नाही जी. आमी मातीचे करतो. माय त्यायलेच पुरणपोळी दाखवते.”

दोघेतिघे हसले. मी रागावणार, तेवढ्यात दुसरा एक मुलगा म्हणाला, “आमच्याबी घरी मातीचेच. यंदा बैल विकले.” मग हात वर होऊ लागले. मोजले, तर वर्गातल्या निम्म्याहून अधिक घरी जित्राब उरलेले नव्हते. नांगरणी ट्रॅक्टरने होत होती. निबंधांत मात्र सर्वांच्या दारी बैलजोडी होती!

त्या दिवसापासून मी हा क्रम ठेवला. सण आला की गोल करून बसायचे आणि घरचे सांगायचे. जमले तर एखाद्या आजीलाही बोलवायचे. आमच्या शेजारच्या एक आजी आल्या आणि त्यांनी भुलाबाई समजावून सांगितली. भादव्याच्या पुनवेला मातीची भुलाबाई बसते, कोजागरीपर्यंत मुली रोज गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यातली खिरापत ओळखायला लावतात. पुण्याकडे भोंडला म्हणतात तो हिचाच सख्खा नातलग. मुलींनी डबा वाजवून दाखवला आणि मुलांनी त्यात काय आहे ते ओळखले. अंदाज बांधणे, पदार्थांची नावे, महिन्यांचा क्रम, सगळा पाठ त्यातच झाला.

दसऱ्याच्या वेळी एका मुलाने आपट्याची पाने आणून सर्वांना सोने वाटले. त्याच्या शेजारी बसणारा म्हणाला, “आमचे आबा त्या दिवशी पांढरे कपडे घालून नागपूरला जातात.” मी म्हटले, कशाला जातात तेही सांग. मग १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस पुस्तकातून न येता एका नातवाच्या तोंडून वर्गात आला. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षाभूमीवर लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा या मुलाच्या आबांचे वडील आपल्या पोराला खांद्यावर घेऊन त्या गर्दीत उभे होते. एकच तिथी, दोन घरांत दोन अर्थ. मुलांना त्यात काही अडचण वाटली नाही. अडचण बहुधा आपल्याला, मोठ्यांनाच वाटते.

गिरडच्या टेकडीचेही तसेच झाले. तिथल्या बाबा फरीदांच्या दर्ग्याला हिंदूही जातात आणि मुसलमानही. एका मुलीने टेकडीवरचे गोल खडे रुमालात बांधून आणले आणि गोष्ट सांगितली की, दोन व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, म्हणून त्यांच्या मालाचे दगड झाले. मी गोष्ट मोडली नाही. पुढल्या तासाला तेच खडे हातात घेऊन आपल्या भागातल्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत असे दगड कसे घडतात, तेवढे सांगितले. गोष्ट गोष्टीच्या जागी राहिली आणि भूगोल भूगोलाच्या जागी.

आता ज्यासाठी मुख्यतः हे भाषण करतो आहे, ते सांगतो.

पाडवा जवळ आला होता. मुले गुढी, साखरेच्या गाठी, कडुनिंबाची पाने सांगत होती. मागच्या रांगेत त्याच वर्षी शाळेत आलेला एक मुलगा होता. त्याची पाळी आली तेव्हा तो खाली पाहत म्हणाला, “आमच्या घरी गुढी नसते जी. पाडव्याले बाबाचं साल संपते. मंग आमी बोजा बांधतो.”

“कुठे जाता?”

“ते पाडव्यालेच माहीत होते.”

त्याचे वडील सालगडी होते. शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो, सालगडी म्हणजे वर्षाच्या कराराने शेतावर राबणारा गडी. काही रोख, काही धान्य ठरते, आणि हे साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत असते. जमले तर तोच मालक, नाही तर दुसरा मालक, दुसरे गाव. शाळेचे साल मात्र जूनमध्ये सुरू होते आणि एप्रिलमध्ये परीक्षेने संपते. या दोन पंचांगांच्या मधल्या फटीत ते लेकरू दर वर्षी सापडत होते. चौथीत येईपर्यंत त्याची ही तिसरी शाळा होती, आणि एकाही वर्षी त्याने वार्षिक परीक्षा धड दिलेली नव्हती.

मला माझेच हजेरीपट आठवले. चैत्रात अशी मुले दिसेनाशी होत, आणि मी त्यांच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ असा शेरा मारून मोकळा होई. पालकांना शिक्षणाची कदर नाही, असे मी सभेत बोललोही होतो. ती मुले कुठे जातात, हे मी एकदाही विचारले नव्हते.

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. वडील म्हणाले, “गुरुजी, मले का समजत नाही? पण नव्या मालकाचं काम पाडव्यापासून सुरू होते. पोरगं कोनाजवळ ठेवू?” याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर त्या भुलाबाईच्या आजींनी दिले. त्या ओसरीवर बसून ऐकत होत्या, त्यांना तो मुलगा ठाऊक होता. “परीक्षा होईस्तोवर राहू दे आमच्या घरी. एका ताटानं का फरक पडते?” मायबाप दोन कोसांवरच्या गावी गेले, मुलगा तीन आठवडे आजीकडे राहिला, परीक्षेला बसला, आणि शाळा सोडल्याचा दाखला मी त्याच्या वडिलांच्या हातात दिला. पुढे त्याचे काय झाले, ते मला सांगता यायचे नाही. साले बदलत गेली. पण पाचवीत तो नाव घालायला गेला तेव्हा त्याच्याजवळ कागद होता.

शिक्षक बंधुभगिनींनो, म्हणून माझे सांगणे एवढेच. सणाविषयी मुलांना बोलते करा ते वर्गाची करमणूक म्हणून नव्हे. सण हा घराचा दरवाजा आहे, आणि मूल तो आपण होऊन उघडते. पाडव्याच्या महिनाभर आधी ‘यंदा कोण गाव सोडणार?’ एवढे प्रेमाने विचारून ठेवा आणि त्या मुलांचे कागद तयार ठेवा.

काही पथ्येही पाळावी लागतात. कपडे किती घेतले, खर्च किती झाला, असे विचारू नये. तिथे गरिबाचे लेकरू पुन्हा श्रीखंड रचू लागते. कोणाची रीत बरोबर आणि कोणाची चूक, याचा निवाडा करू नये. या तासाला गुण नकोत. आणि ज्याला सांगायचे नसेल त्याला गप्प राहू द्यावे. एखाद्या घरात कोणी गेलेले असते, तिथे वर्षभर सण धरत नाहीत. आपल्या भागात कर्जापायी कर्ता माणूस गमावलेली घरे आहेत. त्या लेकराला पोळ्याचे वर्णन करायला उभे करणे म्हणजे जखमेवरची खपली काढणे होय.

हे काही मी नवे सांगतो असे नाही. आपल्याच वर्ध्याला २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, आणि पुढे डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नई तालीमची योजना आखली. मुलाचे शिक्षण मातृभाषेतून व्हावे आणि त्याच्या हातच्या कामाशी, भोवतालच्या निसर्गाशी व समाजाशी जोडलेले असावे, हा तिचा गाभा. सेवाग्राम आपल्या जिल्ह्यात आहे म्हणून अभिमान धरतो. मग त्यातले एवढे तरी ओसरीवर उतरवू या.

आणि शेतकरी बंधूंनो, मायबहिणींनो, उद्या तुमचे लेकरू शाळेतून येऊन विचारील, “आजी, आपल्या घरी हे असं काहून करतात?” तेव्हा ‘जा, खेळ’ म्हणू नका. हातातले काम दोन घटका बाजूला ठेवा आणि सांगा. बैल असोत, मातीचे असोत, नसोत. जे आहे ते सांगा. लेकराला ते वर्गात सांगायचे आहे, आणि एखादा मास्तर ते ऐकायला बसलेला आहे.